चाकरीचा घोडा

उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने आम्हांस वर्षातून एकदोन वेळा परगावी जावे लागते, आणि परत आल्यावर प्रवासभत्त्याचे बिल भरून द्यावे लागते. आमचे घर गावाबाहेर आहे, कॉलेज गावात आहे. प्रवास कोठून सुरू झाला, ह्या रकान्यात आम्ही एकदा सरळपणे घराचे नाव लिहिले. बिले पाहणारे कारकून मोठे अदबीचे गृहस्थ होते. त्यांनी ते हळूच खोडले आणि म्हणाले, “सर, इथे मुख्यालय लिहायचे. घर कुठेही असो, त्याचा बिलाशी संबंध नाही.” मुख्यालय म्हणजे आमचे कॉलेज. त्या दिवशी पहाटे आम्ही कॉलेजात पाऊलही ठेवले नव्हते. परंतु कागदोपत्री आम्ही तेथूनच निघालो.

प्रसंग क्षुल्लक खरा. तथापि त्या खोडलेल्या शब्दात एक जुना आणि गंभीर वाद दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. चाकरीसाठी जो प्रवास करावा लागतो, परगावी जे खावे लागते, जेथे रात्र काढावी लागते, त्याचा खर्च चाकरीचा की चाकराचा? धनी तो भरून देतो की नाही, हा झाला त्या दोघांमधला करार. परंतु सरकार वेतनावर कर घेऊ लागले म्हणजे हाच प्रश्न निराळे रूप घेतो. हाती आलेल्या शंभर रुपयांपैकी दहा जर कामावर पोहोचण्यातच गेले, तर त्या मनुष्याची प्राप्ती शंभर म्हणावी की नव्वद? ह्या साध्या प्रश्नाला दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कायद्याने कशी कशी उत्तरे दिली, ते पाहण्याचा येथे विचार आहे.

मराठी वाचकांस हा प्रश्न अगदीच अनोळखी वाटू नये. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन येई. म्हणून शिलेदाराचा तनखा बारगिराहून अधिक असे. तो तनखा केवळ त्याच्या मनगटाचा नसे, त्यात घोड्याच्या दाणावैरणीचा वाटा असे. मोहिमेपूर्वी तयारीसाठी जी आगाऊ रक्कम देत तिला ‘नालबंदी’ म्हणत. नालबंदी हा शब्दच सांगतो की हा पैसा स्वाराच्या चैनीचा नव्हे, घोड्याच्या टापेचा आहे. आता कल्पना करा, एखाद्या कारभाऱ्याने दोघांच्या तनख्याची तुलना करून शिलेदार श्रीमंत ठरविला आणि त्याच्यावर जास्त पट्टी बसविली, तर शिलेदाराने काय म्हणावे? “महाराज, ह्यातले निम्मे घोड्याने खाल्ले,” एवढेच तो म्हणेल. आणि ते खोटे असणार नाही.

इंग्लंडात नेमका हाच घोडा कायद्याच्या पुस्तकात शिरला. तेथे प्राप्तिकर प्रथम १७९९ साली पिटने बसविला, आणि मध्यंतरी बंद झालेला तो कर १८४२ साली पीलने पुन्हा सुरू केला. पुढे ग्लॅडस्टनच्या कारकीर्दीत, १८५३ च्या कायद्यात, अधिकारपदावरील माणसांसाठी एक कलम आले. त्याचा आशय असा: पदाची कर्तव्ये बजावताना करावा लागणारा प्रवास, ती बजावता यावीत म्हणून बाळगावा लागणारा घोडा, आणि कर्तव्ये बजावताना संपूर्णतया, केवळ व अपरिहार्यपणे करावा लागणारा इतर खर्च, एवढेच वेतनातून वजा करता येईल.

घोड्याचा उल्लेख त्या काळी शोभेचा नव्हता. अबकारी खात्याचे अंमलदार गावोगाव घोड्यावरून फिरत. कवी रॉबर्ट बर्न्स १७८९ पासून अशाच नोकरीत होता. आरंभी त्याला वर्षाला पन्नास पौंड मिळत, आणि त्यासाठी आठवड्याला सुमारे दोनशे मैल घोड्यावरून हिंडावे लागे. बर्न्स १७९६ साली वारला. त्यामुळे प्राप्तिकराच्या तडाख्यातून तो सुटला. पण त्याच्यासारख्या मनुष्याच्या पन्नास पौंडांतून घोड्याचा दाणा वजा करू नये असे कोण म्हणेल? १८५३ च्या कायदेकारांनाही तसे म्हणवले नाही.

कलम दिसावयास उदार आहे. परंतु त्यातील शब्द एकेक करून पाहिले म्हणजे त्याची मूठ किती आवळलेली आहे हे ध्यानी येते. खर्च कर्तव्य ‘बजावताना’ झाला पाहिजे. कर्तव्य बजावण्यासाठी तयार होताना, किंवा कर्तव्याच्या जागी पोहोचताना झालेला चालणार नाही. तो ‘अपरिहार्य’ पाहिजे. नुसता सोयीचा किंवा शहाणपणाचा असून भागणार नाही. आता व्यापाऱ्याचा नियम पाहा. १८४२ च्या कायद्याने व्यापाऱ्याला धंद्यासाठी ‘संपूर्णतया व केवळ’ केलेला खर्च वजा करू दिला. तेथे ‘अपरिहार्य’ हा शब्द नाही, आणि ‘बजावताना’ ही अटही नाही. व्यापाऱ्याने खर्च धंद्यासाठी केला एवढे दाखवावे. नोकराने मात्र तो टाळणे अशक्य होते हे सिद्ध करावे. एकाच राज्यातील दोन करदात्यांस मोजण्यासाठी अशी दोन मापे ठेवली गेली.

आरंभी ह्या विषमतेची झळ थोड्यांनाच लागली. ते कडक कलम ज्या अनुसूचीत होते, तीत मुख्यतः सरकारी आणि सार्वजनिक पदे येत. खाजगी नोकरीतले बहुतेक लोक व्यापारी व व्यावसायिक ह्यांच्या अनुसूचीत मोडत. आणि अल्प वेतनाच्या माणसापर्यंत तर कर पोहोचतच नसे. पहिल्या महायुद्धाने कराचे जाळे खोल गेले. १९२२ साली खाजगी नोकरदारांसही पदाधिकाऱ्यांच्या अनुसूचीत घालण्यात आले. काही निवडक अंमलदारांसाठी शिवलेला तो अंगरखा अशा रीतीने सर्व नोकरदारवर्गाच्या अंगावर चढविला गेला. तो कोणाला कोठे काचतो, हे मग न्यायालयांतून दिसू लागले.

ह्या बाबतीतला सर्वांत प्रसिद्ध खटला म्हणजे १९२५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकालात काढलेला ‘रिकेट्स विरुद्ध कोहून’ हा होय. एक बॅरिस्टर लंडनमध्ये राहत व वकिली करीत. त्यांची पोर्ट्समथ शहराचे रेकॉर्डर, म्हणजे नगरन्यायाधीश, म्हणून नेमणूक झाली होती. न्यायासनावर बसण्यासाठी त्यांना लंडनहून सुमारे सत्तर मैल आगगाडीने जावे लागे आणि हॉटेलात उतरावे लागे. न्यायाधीशाचा झगा आणि केसांचा टोप ठेवलेली पत्र्याची पेटी न्यायालयात पोहोचती करण्यासाठीही पैसे मोजावे लागत. हा सर्व खर्च रेकॉर्डरच्या वेतनातून वजा व्हावा अशी त्यांची मागणी होती.

मागणी फेटाळली गेली. उमरावांनी दिलेली कारणे वाचली म्हणजे प्रथम त्यांची तर्कशुद्धता पटते. रेकॉर्डरचे काम पोर्ट्समथला सुरू होते आणि पोर्ट्समथलाच संपते. आगगाडीत बसलेला गृहस्थ न्याय करीत नसतो. तो न्याय करावयास निघालेला असतो. तो लंडनला राहतो ही त्याची मर्जी. पोर्ट्समथचाच रहिवासी त्या पदावर असता तर त्याला हा खर्च पडला नसता. तेव्हा खर्च पदाने लादलेला नाही, व्यक्तीने ओढवून घेतलेला आहे. लॉर्ड ब्लेन्सबर्ग ह्यांनी कसोटी घालून दिली ती अशी की, त्या पदावर जो जो येईल त्या प्रत्येकाला जो खर्च करावाच लागेल तोच वजावटीस पात्र. हॉटेलातील मुक्कामाविषयी लॉर्ड चॅन्सेलर केव्ह ह्यांचे म्हणणे असे होते की, न्यायदान करो अथवा न करो, माणसाला कोठेतरी जेवावे आणि निजावे लागतेच.

ह्या कसोटीत न्याय नाही असे आम्ही म्हणणार नाही. एकाच कचेरीत दोन कारकून आहेत. एकाने कचेरीशेजारी महाग भाड्याची खोली घेतली. दुसरा स्वस्त भाड्यासाठी दूर राहिला आणि आगगाडीचा पास काढू लागला. दुसऱ्याचा पास करातून वजा केला तर पहिल्याचे जास्तीचे भाडे का वजा करू नये? आणि तेही केले तर खाजगी जीवनाची कोणती गोष्ट शिल्लक राहील? शिवाय खजिन्याची भीती निव्वळ काल्पनिक नव्हती. भत्त्याच्या नावाखाली वेतन कसे वाढत जाते, ह्याचा मासला हिंदुस्थानच्याच इतिहासात आहे. कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकाऱ्यांस छावणी सोडून मोहिमेवर गेल्यावर जादा खर्चासाठी भत्ता मिळे. प्लासीनंतर मीर जाफरने बंगालमधील फौजेला तो दुप्पट केला. मोहीम संपली तरी भत्ता संपेना. कंपनीच्या हुकमाप्रमाणे क्लाइव्हने १७६६ च्या आरंभी दुप्पट भत्ता बंद केला, तेव्हा बंगाल फौजेतील अधिकाऱ्यांनी संगनमत करून एकदम राजीनामे देण्याचा कट केला, आणि तो मोडण्यात क्लाइव्हची मोठी शक्ती खर्ची पडली. १८२८ साली बेंटिंकने काही ठाण्यांपुरता भत्ता निम्मा केला, तेव्हाही अधिकारीवर्ग त्याच्यावर संतापला. वाटखर्चासाठी दिलेली रक्कम एकदा घरखर्चात मुरली की ती परत मागणे म्हणजे पगार कापणे होते. करवसुली करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हे चित्र असेल, तर तो प्रत्येक भत्त्याकडे संशयाने पाहील ह्यात नवल नाही.

परंतु साप साप म्हणून भुई किती धोपटावी, ह्यालाही मर्यादा आहे. ‘पदावर जो जो येईल त्या प्रत्येकाला’ ही कसोटी एक निराकार पदाधिकारी गृहीत धरते. त्याला घर नाही, दुसरे काम नाही, कुटुंब नाही. तो जणू कचेरीच्या उंबऱ्यावर जन्मतो आणि सायंकाळी तेथेच अंतर्धान पावतो. प्रत्यक्षातल्या माणसाची नेमणूक पुष्कळदा तो जेथे आहे तेथे आहे म्हणूनच होते. लंडनमधला अनुभवी बॅरिस्टर न्यायाधीश म्हणून हवा, पण त्याचे लंडन मात्र नको, असे म्हणण्यासारखे हे आहे. येथेच घोडे पेंड खाते.

ह्या कसोटीचा कोतेपणा वेल्समधील एका डॉक्टरांच्या खटल्यात उघडा पडला. हे डॉक्टर फिशगार्ड येथे व्यवसाय करीत आणि पंधरा मैलांवरील हॅव्हरफर्डवेस्टच्या रुग्णालयात निकडीच्या प्रसंगी प्रसूतीसाठी व भूल देण्यासाठी जात. रात्री-अपरात्री टेलिफोन येई. टेलिफोनवरच ते रोग्याची हकीकत ऐकून सूचना देत आणि मग मोटार काढीत. रुग्णालय त्यांना दहा मैलांपुरता प्रवासखर्च देई; उरलेल्या पाच मैलांचा त्यांच्या खिशातून जाई. करखात्याने मिळालेल्या दहा मैलांच्या रकमेवर कर मागितला, आणि न मिळालेल्या पाच मैलांची वजावट नाकारली. रिकेट्सच्या न्यायाने पाहिले तर डॉक्टर मोटारीत असताना भूल देत नव्हते, भूल देण्यास निघाले होते! १९६९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. रोग्याची जबाबदारी टेलिफोन उचलला त्या क्षणी सुरू झाली, सबब प्रवास दोन कामाच्या ठिकाणांमधला झाला, असा मार्ग त्यातून काढण्यात आला. निकाल न्याय्य आहे. पण न्यायासाठी टेलिफोनचा आधार शोधावा लागला, हीच कायद्यावरची टीका नव्हे काय?

दोन मापांमधली तफावत ह्याच सुमारास एका गवंड्याच्या खटल्यात स्पष्ट दिसली. हा गवंडी स्वतंत्रपणे, कंत्राटाने काम घेई. आज ह्या गावी भिंत, उद्या त्या गावी. हत्यारे आणि हिशेबाच्या वह्या तो घरी ठेवी. त्याचे घर हेच त्याच्या धंद्याचे ठाणे होय, म्हणून घरापासून निरनिराळ्या कामांपर्यंतचा प्रवासखर्च वजा करता येईल, असे १९७१ साली अपील न्यायालयाने ठरविले. त्याच गवंड्याला कोणी महिन्याच्या पगारावर ठेवले असते, तर त्याच भिंतीपर्यंतचा तोच प्रवास, त्या काळच्या कायद्याप्रमाणे, सामान्यतः त्याचा खाजगी प्रवास ठरला असता. हातातली थापी तीच, रस्ता तोच. बदलले एवढेच की एक स्वतःचा धनी आहे आणि दुसरा दुसऱ्याचा नोकर आहे.

हा अन्याय कोणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. लॉर्ड रॅडक्लिफ ह्यांच्या अध्यक्षतेखालील राजनियुक्त मंडळाने १९५५ च्या आपल्या अंतिम अहवालात, कर्तव्य नीट पार पाडण्यासाठी वाजवीपणे केलेला खर्च वजा होऊ द्यावा, अशा आशयाची शिफारस केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही. प्रवासापुरती सुधारणा व्हावयास १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून घर आणि कायमची कचेरी ह्यांमधला रोजचा प्रवास पूर्वीप्रमाणेच बाहेर ठेवला गेला. परंतु कामासाठी एखाद्या तात्पुरत्या ठिकाणी जावे लागले, तर तेथवरचा प्रवास, आणि त्यापायी पडणारा जेवणाचा व मुक्कामाचा खर्च, वजावटीस पात्र झाला. मग मनुष्य घरून निघालेला असला तरी चालेल. एकाच ठिकाणी चोवीस महिन्यांहून अधिक काळ काम होणार असेल, तर ते सहसा तात्पुरते धरावयाचे नाही, अशी मर्यादा घातली गेली. ह्याच फेरफारात १८५३ पासून कलमात बांधून ठेवलेला घोडाही सुटला. आगगाडी आली, मोटार आली, विमान आले. तरी दीडशे वर्षांच्या आसपास तो तेथेच उभा होता.

आता आपल्याकडे वळू. १८५७ च्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सनने १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला, आणि त्याबरोबर इंग्रजी करशास्त्राची परिभाषाही आली. १९२२ च्या कायद्याने, कर्तव्यापायी पडणाऱ्या खर्चासाठी म्हणून दिलेला विशेष भत्ता प्राप्तीत धरावयाचा नाही असे ठरविले. १९६१ च्या कायद्यात ‘संपूर्णतया, अपरिहार्यपणे व केवळ’ ही तीन विशेषणे पुन्हा भेटतात. दौऱ्यावरचा प्रवासखर्च, बदलीचा खर्च, मुक्कामातला दैनिक भत्ता ह्यांना ह्याच तरतुदीखाली, प्रत्यक्ष खर्च झाला असेल तेवढ्यापुरती, माफी मिळत आली. परंतु त्यासाठी आधी मालकाने तो भत्ता म्हणून दिलेला असला पाहिजे.

मालकाने दिलाच नाही तर? ह्या प्रश्नालाही १९६१ च्या मूळ कायद्यात उत्तर होते. नोकरीसाठी स्वतःचे वाहन वापरणाऱ्याला ते सांभाळण्याच्या खर्चापोटी वजावट होती. तो आमच्या देशातला घोडाच म्हणावयाचा. आणि नोकरीच्या शर्तींमुळे जो खर्च वेतनातून करणे भागच पडे, त्यासाठीही निराळी वजावट होती. १९७४ साली ह्या सर्व वजावटी एकत्र करून त्यांच्या जागी एक ठोक रक्कम आली. हेतू चांगला होता: पावत्या नकोत, वाद नकोत. परंतु ह्या सोयीत एक मोल दिले गेले. ‘हा खर्च मी केला’ असे म्हणण्याचा नोकरदाराचा हक्क त्या ठोक रकमेत विरघळला. पुढे २००५ साली करमाफीची मर्यादा वाढविताना ती ठोक वजावटही काढून टाकण्यात आली. ठोक रक्कम गेली, आणि जिच्या बदल्यात ती आली होती ती मूळ वजावट काही परत आली नाही. २०१८ साली चाळीस हजारांची ठोक वजावट पुन्हा सुरू झाली, तेव्हा जाण्यायेण्याच्या भत्त्यावरील वर्षाची १९,२०० रुपयांची आणि औषधोपचाराच्या भरपाईवरील १५,००० रुपयांची माफी सर्वसाधारण नोकरदारापुरती बंद झाली. वजाबाकी केली तर पदरात ५,८०० रुपये अधिक पडले. २०२५ साली १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत झाला. ठोक वजावटीचे तत्त्व त्यातही कायम आहे.

ठोक वजावट सर्वांस सारखी मिळते हा तिचा गुण, आणि तोच तिचा दोष. कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्यास ती जेवढी, तेवढीच स्वतःच्या मोटारसायकलीवरून पाच तालुके पालथे घालणाऱ्या औषधविक्रेत्या प्रतिनिधीस. त्याच्या कंपनीने पगार आणि भत्ता निराळे करून दिले तर तो वाचला. तिने ‘पगारात सर्व आले’ असे म्हणून हात झटकले, तर पेट्रोलवर गेलेला रुपयाही कायद्याच्या दृष्टीने त्याची कमाई ठरतो. मोठ्या कंपन्यांतील मोठे अधिकारी आपल्या करारात भत्त्यांची नीट मांडणी करवून घेतात, कारण त्यांना सल्लागार असतात. लहान मालकाच्या लहान नोकराला सल्लागार कोठला? ज्याला भत्ता नाही त्याला माफी नाही. म्हणजे खर्चाची झळ ज्याला जास्त, त्यालाच करही जास्त, असा हा प्रकार होतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. घरापासून कचेरीपर्यंतचा रोजचा रस्ता माणसाचा स्वतःचा आहे, ही रिकेट्सच्या निकालातली शिकवण आम्हांस मान्य आहे. परंतु कामाने जेथे पाठविले तेथवरचा रस्ता आणि तेथला घास कामाचा आहे. तो पैसा मालकाने दिला की नोकराने स्वतः खर्चिला, एवढ्यावरून त्याची जात बदलू नये. व्यापाऱ्याला आपला खर्च सांगण्याची जी मुभा आहे, ती वेतनावर जगणाऱ्यालाही असावी. पुरावा मागावा, मर्यादा घालावी, पण तोंड बंद करू नये. ठोक रक्कम ज्याला पुरेशी वाटते त्याने ती घ्यावी. ज्याचा खर्च खरोखर अधिक आहे त्याला तो दाखविण्याची वाट मोकळी असावी. शिलेदाराच्या तनख्यात घोड्याचा वाटा आहे हे जुन्या कारभाऱ्यांना कळत होते. ते समजण्यास करशास्त्राची पदवी लागत नाही.

आमच्या बिलावर त्या कारकुनांनी ‘मुख्यालय’ लिहिले, आणि आम्ही सही केली. त्यांचे चुकले असे आम्हांस वाटत नाही. नियम तसाच आहे, आणि घर गावाबाहेर बांधण्याची हौस आमची होती. मात्र सही करताना फिशगार्डच्या त्या डॉक्टरांची आठवण झाली. मध्यरात्री टेलिफोन उचलल्यावर त्यांनी जर प्रथम विचार केला असता की आपण कोठून निघतो आहोत, घरून की मुख्यालयातून, तर त्या रोग्याचे काय झाले असते कोण जाणे.